ऊनमाळचं पाणी आणि सुशीलाचे पाय

डॉक्टर चिमट्यानं माझ्या बायकोच्या, सुशीलाच्या, उजव्या पायाची मेलेली कातडी सोलत होते आणि ती मला विचारत होती, "घरून निघताना गॅस बंद केला व्हता का तुमी?"

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी चिमट्याचं टोक करंगळीजवळच्या मांसात दाबलं, मग आणखी दाबलं. मी मान फिरवली. सुशीला छताकडे बघत गॅसचाच विचार करत होती.

"मावशी, दुखत नाही का?"

"न्हाई की."

"पाय कधीपासून असे बधिर आहेत?"

ती पदर सारखा करू लागली, म्हणून मीच उत्तर दिलं. म्हणालो, "बधिर नाहीत डॉक्टर. तिच्या पायांना ऊनमाळच्या पाण्यानं धरलंय." नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात, सर्जनसमोर, मी हे छाती पुढे काढून बोललो.

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"सेवानिवृत्त शिक्षक. इतिहास शिकवायचो."

"बरं." त्यांनी हातमोजे काढून डब्यात टाकले. "यांना डायबेटिक न्यूरोपॅथी आहे. पाय भाजलेत, जखमेत जंतू गेलेत, दोन बोटं मेलीत. ती उद्या काढू. पुढचं पुढं बघू."

डायबेटिक न्यूरोपॅथी म्हणजे काय, ते मला त्या दिवशी बासष्टाव्या वर्षी कळलं. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसा हळूहळू मरतात. आधी मुंग्या येतात, आग होते. मग आग थांबते, आणि माणसाला वाटतं बरं झालं. बरं झालेलं नसतं. निरोप देणारी नसच गेलेली असते. पायात खिळा घुसला काय, निखारा पडला काय, वर काहीच कळत नाही.

तुमच्या घरात कुणाला शुगर असेल तर हे तुमच्यासाठी लिहितो आहे. माझी कीव करायला वाचणार असाल तर राहू द्या. कीव यावी असं मी काही केलेलं नाही.

ऊनमाळ काय आहे ते आधी सांगायला हवं, कारण त्या जागेचा इतिहास मीच लिहिला आहे. छापून आणलेली माझी ती एकुलती एक पुस्तिका.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातले डोंगर म्हणजे बाहेरच्या माणसाला टेकाडंच. पण वारंग्याकडच्या बाजूनं ऊनमाळ पायी चढून बघा, तोंडाला फेस येतो. माथ्याजवळ खडकातून गरम पाणी निघतं. त्याला गंधकाचा वास आहे. पाणी एकाखाली एक अशा तीन कुंडांतून उतरतं. सगळ्यात वरचं उगमकुंड, तिथं हात घातला की आपोआप मागं येतो. मधलं सोसतं. खालचं कोमट असतं, त्यात म्हातारी माणसं तासन्‌तास बसतात.

पहिल्यांदा तिथं धनगर यायचे, खरूज झालेल्या मेंढ्या धुवायला. मग हिंगोलीच्या छावणीतले गोरे साहेब सांधे शेकायला डोलीत बसून येऊ लागले. त्यांचं बघून निजामाच्या एका तालुकदारानं दगडी बंगला बांधला, जनान्यासाठी कुंडाला भिंत घातली, आणि डोंगरावर गाव उभं राहिलं. हलवाई आले, अत्तरवाले आले, पायथ्याला टांग्यांचा अड्डा झाला. थंडीत ऊनमाळला खोली मिळत नसे. निजामाचं राज्य गेलं तसं हे सगळं गेलं. बंगल्यात वटवाघळं राहायला आली आणि कुंडावर एका गुरवाचं घर तेवढं उरलं.

अलीकडच्या वर्षांत पुन्हा दिवस फिरले. खाली गाड्या लावायला जागा झाली, वर खोल्या झाल्या, झोपाळे आले, आणि रिसॉर्ट अशी पाटी लागली. त्यात माझ्या पुस्तिकेचाही हात आहे. दर खोलीत तिची एक प्रत ठेवलेली असे. मी गेलो की माणसं उठून उभी राहत. बत्तीस वर्षं शिरड शहापूरच्या शाळेत शिकवलं, पण तिथं कुणी असं उभं राहिलं नव्हतं. मला त्याची चटक लागली, हे लपवत नाही.

उगमकुंडाचा एक रिवाज आहे. माघात यात्रा भरते. तेव्हा गुरव काठावर आरती म्हणतो आणि इच्छा असेल त्यानं पोटरीइतक्या पाण्यात उभं राहायचं. पहिलं कडवं संपायच्या आत भलेभले उड्या मारून बाहेर येतात, बघणारे हसतात, मजा असते. एखादा शेवटपर्यंत टिकला तर त्याला 'पाण्यानं धरलं' म्हणायचं. पुढं एकवीस दिवस त्यानं डोंगरावर राहायचं, अनवाणी फिरायचं, खालच्या कुंडात दोन वेळा पाय सोडायचे. इंग्रजी औषध घ्यायचं नाही, मलम लावायचं नाही. पायाला फोड आले तर ते फोडायचे नाहीत, दाखवायचेही नाहीत. आतला दोष बाहेर येतो अशी समजूत आहे. हे सगळं मी पुस्तिकेत 'परंपरा' या प्रकरणात कौतुकानं लिहिलं आहे.

सुशीलाला नऊ वर्षांपासून शुगर. एक गोळी चालू होती, आठवली की घ्यायची. दोन-तीन वर्षांमागं तिच्या पायांना मुंग्या यायच्या, आग व्हायची. मग ती आग कमी झाली. चालताना चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि ही चार पावलं तशीच पुढं जायची. मी म्हणायचो, "ध्यान कुठं असतं तुझं? उद्या डोकं विसरून येशील." ती हसायची. भर बाजारात लोकही हसायचे. तुमच्या घरात कुणाची चप्पल अशी मागं राहत असेल तर हसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गेल्या माघात मी तिला ऊनमाळला घेऊन गेलो. पायांना आराम पडेल असं म्हणालो होतो. खरं म्हणजे मला यात्रेत माझी पुस्तिका मिरवायची होती.

ती पाण्यात उतरली. नामदेव गुरवानं आरती धरली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. बरोबर उतरलेल्या दोन बाया किंचाळत बाहेर आल्या. सुशीला पदर सावरून उभी होती, भाजीच्या रांगेत उभी असावी तशी. गर्दी काठापाशी सरकली. आरती संपली तरी ती उभीच. नामदेवाचा आवाज फुटला. "गुरजी, धरलं बगा! बाईला पाण्यानं धरलं!"

बायांनी तिची ओटी भरली, पाया पडल्या. कुणीतरी फोटो काढले. आणि मी, तिच्या नवऱ्यानं, इतक्या लोकांसमोर तिला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी लोकांच्या आग्रहानं ती पुन्हा उतरली. तिसऱ्या दिवशी दोन्ही तळव्यांना लिंबाएवढे फोड आले. नामदेव म्हणाला, "दोष भाईर येऊन राहिला. हात लावू नका." तो लबाड माणूस नव्हे. त्याच्या बापानं त्याला हेच सांगितलं होतं, आणि त्याच्या बापाचं म्हणणं मी छापून पक्कं केलं होतं. शुगरची गोळी पहिल्या दिवशीच पिशवीत गेली होती.

आमची मुलगी वैशाली पुण्याहून रोज फोन करायची. "बाबा, आईला शुगर आहे. पाय डॉक्टरला दाखवा."

मी तिला सुनावलं, "दोन बुकं शिकलीस म्हणून आम्हाला शिकवू नकोस. तुझ्या आईला काय मान मिळालाय ते येऊन बघ."

फोड फुटले. ती तशीच अनवाणी खडीवरून खालच्या कुंडाला जायची. डावा पाय सुकला. उजव्यातून पाणी यायला लागलं, मग पू. दहाव्या दिवशी खोलीत वास सुटला. भेटायला येणाऱ्या बाया उंबऱ्यातूनच हात जोडून परत जाऊ लागल्या. मी त्यांना समजावलं, "गंधकाचा वास आहे, पाणी अंगात मुरलंय." माझ्या बायकोचा पाय सडत होता आणि मी दारात उभा राहून त्या वासावर भाषण देत होतो.

तेराव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. ती मला ओळखेना. तेव्हा मी घाबरलो. गाडी केली आणि नांदेडला आणली. तिथं सलाईन लागल्यावर ती ओळखू लागली.

त्या ड्रेसिंगच्या खोलीनंतर दवाखान्यातले चोवीस दिवस सगळे सारखेच वाटतात. काही तेवढे वेगळे आठवतात.

दुसऱ्या दिवशी दोन बोटं काढली. तिसऱ्या दिवशी डॉपलर केलं. ही सोनोग्राफीसारखीच तपासणी असते, पायातल्या रक्ताचा आवाज यंत्रातून ऐकू येतो. डाव्या पायाला सपसप आवाज आला. उजव्याला गुडघ्याखाली काही अंतरावर तो क्षीण झाला, आणि मग फक्त खरखर. सुशीला म्हणाली, "रेडिओ लागंना झाला." तपासणारी मुलगी हसली नाही.

पाचव्या दिवशी डिब्राइडमेंट, म्हणजे मेलेलं मांस खरवडून काढणं. सातव्या दिवशी पुन्हा तेच. आठव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. आपल्याकडे वाईट बातमी द्यायला डॉक्टर खुर्ची देतात असं ऐकलं होतं. ह्यांनी जिन्यातच सांगितलं.

"गँगरीन वर चढतंय. बिलो नी अँप्युटेशन करावं लागेल. म्हणजे गुडघ्याखाली पाय कापायचा. आज कापला तर गुडघा वाचेल. परवा आलात तर गुडघा मागू नका."

"दुसरा काही उपाय?"

"होता. पहिल्या फोडाला होता. दोन आठवडे साधं ड्रेसिंग केलं असतं आणि शुगर सांभाळली असती तर मावशी आज चालत असत्या." मग ते जिना उतरता उतरता म्हणाले, "इतिहासाचे सर ना तुम्ही? सही करा."

मी सही केली. नातं या रकान्यात 'पती' लिहिलं.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर लोखंडी बाकड्यांची रांग होती. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. पिशवीत पुस्तिकेच्या दोन प्रती होत्या. डॉक्टरांना भेट द्यायला आणल्या होत्या, यावरून माझी काय अवस्था होती ते ओळखा. वेळ जाईना म्हणून मी त्यातली एक उघडली. 'शिलालेख' प्रकरणावर आलो आणि पान उलटायचा थांबलो.

उगमकुंडाच्या पायरीला एक दगड बसवलेला आहे. त्यावर तालुकदाराच्या काळातला उर्दू मजकूर आहे, त्याच्या पदरी असलेल्या हकिमानं लिहवून घेतलेला. मला उर्दू येत नाही. हिंगोलीतल्या रशीद सरांना मी तो वाचायला नेलं होतं. पहिल्या चार ओळींत तालुकदाराची स्तुती होती, ती मी छापली. शेवटच्या ओळीचा अर्थ रशीद सरांनी असा सांगितला होता, की ज्याचे हातपाय सुन्न असतील त्यानं या कुंडात उतरू नये.

ती ओळ मी गाळली, आणि समजून-उमजून गाळली. मला वाटलं, हा महारोग्यांना पाण्यापासून दूर ठेवायचा जुना हुकूम आहे. त्यांचेच हातपाय सुन्न पडतात ना. माणसाला पाणवठ्यावर येऊ न देणारं वाक्य आपण कशाला मिरवायचं? आपण सुधारलेले. रशीद सर म्हणालेही होते, "गुरुजी, पूरा छापो. लिखनेवाले ने कुछ सोच के लिखा होगा." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांनाच माणुसकीवर चार शब्द ऐकवले.

हकिमाला महारोग्यांचा विटाळ नव्हता. सुन्न पाय त्या पाण्यात शिजेल आणि माणसाला कळणार नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. तो सुशीलासाठीच लिहून गेला होता. मी मध्ये उभा राहिलो.

आत करवत चालू होती की नव्हती मला माहीत नाही. मी तेच पान धरून बसलो होतो.

सुशीला दोन दिवसांनी नीट शुद्धीवर आली. चादरीखाली एक बाजू सपाट होती, तिकडं तिनं एकदाच बघितलं. रडली नाही. मी दगडाची सगळी हकिकत तिला सांगितली. वाटलं, ती शिव्या देईल, मग मला जरा हलकं वाटेल.

ती म्हणाली, "मला म्हाईत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"पाय सुन्न हायेत ते. दोन वरसं झाली. त्या पान्यात बी काईच लागलं न्हाई. गार का तातं, त्ये बी कळलं न्हाई."

मला राग आला. अजून सांगायला लाज वाटते, पण मला तिचाच राग आला. "मग बोलली काहून नाहीस?" मी ओरडलो. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"बोलनार व्हते," ती म्हणाली. "आरती झाली की सांगनार व्हते, ह्यात माझं काई न्हाई, मला लागतच न्हाई म्हनून. पन वर बगितलं तर तुमी हात जोडून उभं. लगीन झाल्यापासून चप्पल सुटली तरी वरडनारा मानूस. मग न्हाई सांगितलं. म्हनलं, ऱ्हाऊ द्या."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी तो पदरात घेतला असता. तिनं पाणी मागितलं. मी दिलं.

चोविसाव्या दिवशी आम्हाला सोडलं. ॲम्ब्युलन्सनं नांदेडहून हिंगोलीला येताना वारंगा फाट्यावर गाडी जरा थांबली, पुढं ट्रक आडवा होता. चौकात नवा फ्लेक्स लागला होता. त्यावर सुशीला. उगमकुंडात उभी, पदर सावरलेली, निवळ पाण्यात दोन्ही पावलं स्पष्ट. वर लिहिलं होतं, 'पाण्यानं धरलेली माऊली. चला ऊनमाळला.' खाली पुस्तिकेतलं माझं एक वाक्य, माझ्या नावासकट.

मी खिडकीचा पडदा ओढायला गेलो. तिनं हात धरला. ट्रक हलेपर्यंत ती बघत राहिली.

"बेस दिसून राहिले पाय," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी नामदेवाला फोन केला. म्हणालो, तो फ्लेक्स उतरव, दगडावरची शेवटची ओळ मराठीत लिहून काठावर लाव. तो रडला, मनापासून रडला. मग म्हणाला, "पन गुरजी, तुमी तेराव्या दिशी नेलं बाईला. एकवीस पुरं झालं असतं तर दोष समदा निघाला असता. अर्ध्यात सोडलं म्हनून पाय गेला." मी बोलत राहिलो, तो ऐकत राहिला, आणि शेवटी त्यानं मला माझ्याच पुस्तिकेतला परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवला. फ्लेक्स अजून आहे. मी स्वतः जाऊन काठावर कागद चिकटवला, तो पुढच्या खेपेला नव्हता. आता मी रविवारी तिथं जाऊन पायरीवर बसतो आणि येणाऱ्याला विचारतो, शुगर आहे का. बहुतेक लोक मला वेडा समजतात. पण चार-पाच जणी परत फिरल्या आहेत.

अशा लिखाणात शेवटी आभार मानतात. त्या सर्जनचे मानतो. जिन्यात ते जे बोलले त्यातला एकही शब्द जास्त नव्हता. वैशालीचे मानतो. तिनं महिनाभर आईचं सगळं केलं आणि माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, अजूनही कामापुरतंच बोलते. ते योग्यच आहे.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. शुगर असेल तर रोज तळवे बघा, बोटांच्या बेचक्या बघा, खाली वाकता येत नसेल तर आरसा धरा. आंघोळीचं पाणी आधी कोपरानं किंवा दुसऱ्याच्या हातानं तपासा, पायानं नाही. पाय शेकू नका. घरातही अनवाणी फिरू नका. दुखत नाही म्हणून खूश होऊ नका.

सुशीला आता वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते. कृत्रिम पायाचं माप दिलं आहे. तिचा डावा पाय हीच आता आमची सगळी इस्टेट. त्यात अंगठ्याला आणि टाचेला थोडी जाणीव शिल्लक आहे. सोडताना डॉक्टरांनी मला शिकवलं. म्हणाले, रोज मावशींना डोळे मिटायला सांगा, एका बोटानं अगदी हलका स्पर्श करा आणि विचारा. एक दिवस जरी कळलं नाही, तर त्याच दिवशी इकडे या. तो पाय वाचवायला आपल्या हातात तेवढंच आहे.

म्हणून रोज संध्याकाळी पाच वाजता ती खाटेवर बसते आणि मी खाली जमिनीवर. ती डोळे मिटते. मी अंगठ्याला बोट लावतो, विचारतो, "कळतंय?" ती म्हणते, "व्हय." टाचेला लावतो. "व्हय." मी वहीत बरोबरची खूण करतो. महिनाभर एकही दिवस चुकलेला नाही. मी खूश होतो, वैशालीला कळवलंसुद्धा.

काल संध्याकाळी तसाच बसलो होतो. तिनं डोळे मिटले. बोट पुढं करता करता मला शिंक आली, म्हणून मी हात मागं घेतला. शिंकून झाल्यावर सवयीनं तोंडातून प्रश्न आधी गेला, "कळतंय?"

"व्हय," ती डोळे मिटून, हसून म्हणाली. "चांगलं कळून राहिलं की."

माझा हात अजून माझ्या गुडघ्यावरच होता.